डावीकडची मुलं

एल्बिओनं लेन्स आणली
लोकरीच्या पायमोज्यात गुंडाळून,
दोन बस बदलून, साल्तोपर्यंत.
"डावीकडचं पुसट येतंय," म्हणाला,
स्वतःच्याच डोळ्याबद्दल सांगावं तसं, जरा खजील होऊन.

मग काउंटरवर फोटो पसरले.
दर नोव्हेंबरला हा हिंडतो
गुरांच्या वाटांवरच्या एकशिक्षकी शाळांतून.
पांढरे अंगरखे, गळ्याशी निळे बो,
मागे चुन्याची भिंत, कडेला कुणाचं तरी घोडं.
उजवीकडची मुलं अशी, की अंगरख्याचे टाके मोजावेत.
डावीकडे जाता जाता चेहरे
दुधात पाव भिजत जावा तसे.

"किती वर्षं?"
"सहा." मग बोटं मोडून, "सात."
आधी त्याला वाटलं, मुलंच हलतात.
हलणारी निवडून त्यानं उजवीकडे उभी केली,
तरी हलली ती डावीकडचीच.
शेवटी त्या टोकाला बाईंना उभं केलं.
बाई पुसट आल्या तर
कुणाची आई भांडायला येत नाही.

तो चौकात बसायला गेला, मातेचा थर्मास काखेत धरून.
मी दार लावलं, पंखा बंद केला, धूळ खाली बसू दिली.
पुढची रिंग हटून बसलेली.
तिला नाफ्त्याचा एकेक थेंब पाजत राहिले.
नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात,
लेन्सचं तसं नसतं,
ती लाडीगोडीनंच उघडते.
बाबा म्हणायचे, डोळ्यात तेल घालून काम कर,
फक्त ह्या डोळ्यात तेल जाऊ देऊ नकोस.

बुरशी नव्हती. पात्या कोरड्या, कोटिंग शाबूत.
दुसरं भिंग मात्र बसलं होतं तिरकं,
केसभर,
बाकावर एका कुशीवर बसलेल्या माणसासारखं.
त्याच्याखाली पितळी चकत्या हव्या होत्या तीन.
होत्या दोन.
आणि नळीच्या आतल्या काळ्या रंगावर
सुईनं कोरलेली तारीख, महिना, साल,
खाली डी. एफ.

दार्दो फागुन्देस.
एफचा आडवा दांडा थरथरून लांब गेलेला.
त्या वर्षी बाबांचा कप बशीत वाजायचा
आणि आम्ही सगळे रेडिओ मोठा करायचो.

मी भिंग चिमट्यात धरून बसले किती वेळ, कोण जाणे.
सात नोव्हेंबर. शाळा किती?
एका एका टोकाला दोन-तीन मुलं.
कुठल्या तरी फ्रिजवर, कुठल्या तरी खाटेच्या डोक्याशी
ती तशीच लटकली असतील,
मोठी झाली असतील
त्या एका हरवलेल्या चकतीपलीकडे.

नवी कापली. घासली, मापली, परत घासली.
भिंतीवरच्या वर्तमानपत्रावर रोखून पाहिलं,
चारही कोपऱ्यांतल्या मृत्यूच्या बातम्या वाचता आल्या.
बाबांची खूण पुसली नाही.
तिच्याखाली माझी कोरली, लहान.

एल्बिओला सांगितलं: चूक आमच्याच दुकानाची, पैसे नकोत.
तो थोडा वेळ लेन्सकडे बघत राहिला.
"दार्दोनं तेव्हाही घेतले नव्हते," म्हणाला.
"म्हणून तर परत यायला लाज वाटत होती."
आणि मोजा काउंटरवरच विसरून गेला.

डिसेंबरात पोस्टानं एक फोटो आला.
बावीस मुलं. बाई पुन्हा मधोमध.
डाव्या टोकाला पडक्या दाताचा एक पोरगा,
त्याचे बुटांचे बंद सुटलेले,
बंदांची टोकंसुद्धा स्पष्ट.
फक्त उजवा हात पुसट.
मी भिंग लावून पाहिलं, दोनदा.

हलला होता. खरोखरच हलला होता तो.